प्रॉम्प्टरच्या खड्ड्याला नमस्कार

आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत नाटक करायला पाठांतर लागत नाही, कान लागतो. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो हसतो. हसू दे. आमची वडशाची कंपनी दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगाव फिरते. आज धानोऱ्याकडे, उद्या सिंदेवाहीकडे, नाटक रोज वेगळं आणि तालीम झाली तर झाली. मग एवढी वाक्यं तोंडात येतात कुठून? रंगमंचासमोर जमिनीत एक खड्डा खणलेला असतो. त्यात ऑर्गन घेऊन माझे यजमान हेमराज बसतात, शेजारी तबलेवाला, आणि मांडीवर नाटकाची वही उघडून आमचे प्रॉम्प्टर गुणवंतराव. ते वाक्य टाकतात, आम्ही झेलतो आणि लोकांसमोर रडतो. पुढच्या रांगेतल्या लोकांना प्रॉम्प्टर स्पष्ट ऐकू येतो, पण त्याचं कोणाला काही वाटत नाही. टाळ्या वाजायच्या त्या वाजतातच.

आमच्या कंपनीची एक रीत आहे. पडदा वर जायच्या आधी प्रत्येक नट खड्ड्यापाशी वाकतो आणि प्रॉम्प्टरच्या पाया पडतो. वय बघायचं नाही. एकदा गुणवंतरावांचा घसा बसला तेव्हा त्यांची कॉलेजात जाणारी मुलगी खड्ड्यात बसली, तर साठीतले नट तिच्यापुढे वाकले. ती बिचारी लाजून लाजून लाल झाली होती.

अशा घरात माझी मयुरी वाढली. आणि अशा घरात वाढली म्हणूनच तिला वाचता येत नाही हे कोणाच्या लक्षातच आलं नाही. दुसऱ्या घरात आई म्हणते, पुस्तक उघड. आमच्या घरात आम्ही म्हणतो, ऐक. हेमराज ऑर्गनचा भाता हलवत धडा वाचायचे, मयुरी भाजी निवडत ऐकायची, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात पुस्तक समोर धरून घडाघडा म्हणायची. 'पोट्टी आईवर गेली' म्हणून मी गल्लीभर मिरवायची. लेखी पेपरात मात्र तिचं घोडं पेंड खायचं. सर म्हणायचे, तोंडाची तेज आहे, हाताची आळशी आहे. आम्हालाही ते पटायचं, कारण नटांच्या घरात हाताने लिहितो कोण?

मग ती नववीत असताना शाळेत रिना मॅडम आल्या. राजुऱ्याच्या, वयाने माझ्यापेक्षा बऱ्याच लहान, आवाज मऊ. मयुरी वर्गात उभी राहून धडा वाचत होती. वरचा पंखा जोरात होता, पुस्तकाची पानं फडफडून पुढे गेली, तरी हिचा धडा मागच्याच पानावरचा चालू! पोरं खो खो हसली. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी पुस्तक हळूच मिटलं, तिला बसवलं आणि संध्याकाळी थेट आमच्या अंगणात आल्या.

चहा घेऊन म्हणाल्या, "वच्छलाबाई, मयुरीला वाचता येत नाही. तिला अध्ययन अक्षमता असावी, असं मला वाटतं."

माझं डोकं फिरलं. "माही पोट्टी मंद नाई, मॅडम! अख्खं नाटक तोंडपाठ म्हनून दाखवते ते."

"मंद असती तर एवढी वर्षं सगळ्या शाळेला चकवता आलं असतं का?" मॅडम शांतपणे म्हणाल्या. "डोकं उत्तम आहे तिचं. डोळेही चांगले आहेत. पण आपण अक्षर बघतो आणि आवाज आपोआप तोंडात येतो, तसा तिच्या येत नाही. एकेक अक्षर तिला ओढून आणावं लागतं. वाक्याच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात निसटते. त्यात आळस नाही. उलट इतर मुलांपेक्षा ती कितीतरी जास्त राबते."

मयुरी दाराआड उभी होती. 'जास्त राबते' हे ऐकून तिने तिथेच भोकाड पसरलं. तिच्याबद्दल असं आजवर कोणी बोललंच नव्हतं. रंगमंचावर मी रोज रडते, पण त्या संध्याकाळी अंगणात रडले ते कोणी न सांगता.

मॅडम सोबत आल्या म्हणून नागपूरला तपासणी झाली. त्यांचंच खरं निघालं. मग त्यांनी शिकवायला घेतलं. ओळीखाली कागदाची पट्टी धरायची, म्हणजे बाकीच्या ओळी अंगावर येत नाहीत. परातीत रवा पसरून बोटाने जोडाक्षरं काढायची. आमच्या उपम्याचा अर्धा रवा त्यातच गेला. पण मयुरी दुकानांच्या पाट्या वाचायला लागली आणि त्या दिवशी मी गल्लीत पेढे वाटले. मॅडमचे उपकार कसे फेडावे ते आजही मला कळत नाही.

तरी दहावीचा पेपर काही परातीतल्या रव्यासारखा थांबत नाही. मॅडमनी सांगितलं, की अशा मुलांना वेळ जास्त मिळतो आणि सोबत खालच्या वर्गातली एक मुलगी मिळते. ती प्रश्न वाचून दाखवते आणि मयुरी सांगेल ते उत्तर लिहिते. मला वाटलं, चला, सुटलो. पण मयुरी अडून बसली.

"मले नाई पायजे."

"काऊन?"

"वर्गात आत्ताच म्हनून राह्यले, मयुरी दुसऱ्याच्या तोंडानं पास होनार. फसवनूक आहे ते. त्यापेक्षा नापास झाली तरी चालन. मी नाटकात येईन."

"नाटकात यायचं तं हौसेनं ये. पळून येशीन तं तंगडी मोडीन."

हेमराजनी समजावलं, मॅडमनी समजावलं. पोरगी ढिम्म. शाळेने त्याच आठवड्यात होकार मागितला होता, आणि होकाराशिवाय ती दहावी सुटणार नाही हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं. तिलाही दिसत होतं, पण हट्ट! तो कोणाकडून आला हे सांगायची गरज नाही. खाण तशी माती.

शेवटी माझंही टाळकं सटकलं. "बरं तं. दुसऱ्यानं वाचलेलं चालत नाई ना? मग उद्याच्या नाटकात मी बी प्रॉम्प्टर घेत नाई. इज्जतीचं करन."

दुसऱ्या दिवशी धानोऱ्याजवळच्या एका गावात बैलांच्या शर्यतींचा शंकरपट होता आणि त्यानिमित्त आमचं नाटक. नाटक कोरं करकरीत, तालीम एकच झालेली, तीही वडशाला, मयुरीसमोर. गुणवंतरावांना मी बजावलं, "भाऊ, माह्यं वाक्य आलं का तोंडात खर्रा धरा. आवाज नाई निघाला पायजे."

"येडी झाली का बाई तू?" ते म्हणाले. पण मी त्यांना शपथ घातली.

पहिला अंक मी मारून नेला. ऐटीत खड्ड्याकडे बघूनसुद्धा घेतलं. मयुरी बापाच्या शेजारी बसली होती, तोंड फुगवून. मग आला कोर्टाचा प्रवेश. मी आरोपीची आई. साक्षीच्या पिंजऱ्यात उभी राहिले, पदर सावरला, तोंड उघडलं आणि आत काहीच नाही. एक शब्द नाही. वकील झालेल्या नटाने प्रश्न पुन्हा विचारला. हेमराजनी ऑर्गनवर करुण सूर धरला, तो संपला, पुन्हा धरला. मागून कोणीतरी ओरडलं, "ओ बाई, झोपली का?" शिट्ट्या सुरू झाल्या. गुणवंतराव खर्र्याच्या तंबाखूने गाल फुगवून, डोळे वटारून बसलेले. शपथ पाळणारा माणूस नेमका त्याच दिवशी भेटायचा होता मला.

"'साहेब, ह्याच हातानं मी त्याले पहिला घास भरवला!'"

खड्ड्यातून आवाज आला. मयुरीचा. वहीकडे तिने पाहिलंही नव्हतं, ती सरळ माझ्या तोंडाकडे बघत होती. मी वाक्य झेललं. तिने पुढचं टाकलं. तेही झेललं. अख्खा प्रवेश तिने एकदा ऐकलेल्या तालमीवरून मला जसाच्या तसा दिला, कुठे थांबायचं आणि कुठे हुंदका द्यायचा तेसुद्धा. शेवटी मी पिंजऱ्यावर डोकं आपटलं आणि मंडप टाळ्यांनी दणाणला. वन्स मोअर पडला.

पडद्यामागे आले तर मयुरी पुढ्यात, डोळ्यांत पाणी आणि संताप. "काऊन केलं असं? लोक हसून राह्यले होते तुले!"

"टाळ्या कोनाले पडल्या?" मी विचारलं.

"तुले."

"वाक्य तं तू सांगितलं. मग म्या फसवलं का लोकायले?"

"फसवलं कसं? रडली तं तूच ना! मी नुसतं..."

ती तिथेच थांबली. बाहेर पुढचा प्रवेश सुरू झाला होता. मयुरीने ओढणीने नाक पुसलं आणि विचारलं, "कोन राहीन वाचनारी?"

"नववीतली दिव्यानी."

"तिले म्हन, मोठ्यानं वाच. तोंडातल्या तोंडात पुटपुटलेलं मले नाई चालत."

निकाल पुढे लागला, पोरगी पास झाली. गुण सांगत नाही, दृष्ट लागते. आता ती अकरावीत आहे आणि सुट्टीत हौसेने खड्ड्यात बसते. पण मला सांगायचं आहे ते पहिल्या पेपरच्या सकाळचं.

शाळेच्या फाटकाशी आम्ही उभे होतो. रिना मॅडम दिव्यानीला घेऊन आल्या. दोन वेण्या घातलेली किडकिडीत पोर, मयुरीपेक्षा तीच जास्त घाबरलेली. घंटा झाली. मयुरी दोन पावलं पुढे गेली आणि सगळ्या शाळेदेखत वाकून दिव्यानीच्या पाया पडली.

दिव्यानी उडी मारून मागे सरली. "ताई, काय करून राह्यली! मी लहान आहो ना तुह्यापेक्षा!"

"आमच्या इथी वय नाई पाहत," मयुरी म्हणाली. "चाल."

दोघी आत गेल्या. फाटकाशी हसायला उभी असलेली पोरं हसायचं विसरली. रिना मॅडम माझ्याशेजारी उभ्या होत्या, त्या दोघींकडे बघत. माझ्या मनात आलं, माझी पोर माझ्याच घरात, माझ्याच डोळ्यांसमोर होती, आणि तिच्यात काय लिहिलंय ते मला वाचता येत नव्हतं. ते मला वाचून दाखवलं या बाईने. मी पदर सावरला आणि वाकले.

"अहो वच्छलाबाई, हे काय!" मॅडमनी माझे हात धरले. "मी केवढी लहान आहे तुमच्यापेक्षा!"

मी त्यांचे हात सोडवले आणि पाया पडले.