गंजाच्या ओघळाचं घर

त्या रस्त्यावरची सगळी घरं एकाच साच्यातून काढलेली. तीच सपाट भिंत, त्याच दोन खिडक्या, तीच लोखंडी जाळी आणि तोच बुटका दरवाजा. केकमास्तरांचं घर ओळखू यायचं ते एकाच गोष्टीमुळे. गच्चीवरून खाली येणाऱ्या पाइपाने त्यांच्या भिंतीवर गंजाचा लांबलचक ओघळ सोडला होता. कुणी पत्ता विचारला की त्यांची बायको सांगायची, ओघळ दिसला की थांबा. सांगायची खरी, पण तेवढं सांगताना तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. तिची सख्खी थोरली बहीण दगडी कमानीच्या बंगल्यात राहायची, आणि तिला तर हिने कित्येक वर्षांत घरी बोलावलंच नव्हतं.

लेकीच्या बाळाला सांभाळायला महिनाभर जायचं ठरलं, तेव्हा बायकोने सांगून टाकलं की परत आल्यावर हे घर विकायचं. मास्तरांना ते पटेना. त्यांची भट्टी याच घराच्या मागच्या खोलीत होती, आणि लेक रांगायला शिकली तीही इथेच. त्यांनी अजिजीने विचारलं, घराचा नुसता चेहरा बदलून दाखवू का?

"म्हाताऱ्याला नवऱ्या मुलाचा कोट चढवून काय होणार आहे?" ती म्हणाली. मग चप्पल पायात सरकवताना जराशी विरघळली. "बरं, करा. रस्त्यावरून जाताना माझं पाऊल आपोआप थांबलं तर राहू. नाहीतर विकू."

एवढं पुरे होतं. मास्तरांच्या अंगात हत्तीचं बळ संचारलं. कागदावर सरळ रेघ मारायची म्हटली तरी त्यांचा हात थरथरायचा, पण केकमध्ये त्यांनी राजवाडासुद्धा उभा केला असता. म्हणून त्यांनी नकाशाऐवजी केकचंच घर बनवलं. भिंती गडद राखाडी. दरवाजा थेट वरच्या छज्ज्याला भिडणारा. खिडक्यांवरची जाळी काढून त्यांना बारीक पांढरी किनार. पाइप झाकायला चॉकलेटच्या उभ्या पट्ट्या, म्हणजे खऱ्या घराला लाकडाच्या. तशाच पट्ट्यांचा आडोसा पोर्चला. रुंद पायऱ्या आणि खालून भिंतीवर उजेड टाकणारे दिवे. गवंड्याने ते घर चारही बाजूंनी फिरून पाहिलं, मान डोलावली, सगळं समजलं म्हणाला आणि पोर्च खाऊन टाकला.

काम सुरू झालं आणि मास्तरांचं चित्त थाऱ्यावर राहीना. भट्टीत केक फुगत असायचा आणि हे बाहेर पायऱ्यांच्या फरशीवरून हात फिरवत असायचे. एका गिऱ्हाइकाच्या केकमध्ये त्यांनी साखर दोनदा घातली, आणि ते गिऱ्हाईक पुढच्या वेळीही तसाच केक मागायला आलं. लाकडाच्या पट्ट्या बसल्या, ओघळ दिसेनासा झाला, त्या दिवशी मास्तर रस्ता ओलांडून पलीकडे गेले आणि आपल्याच घराकडे परक्या माणसासारखे बघत राहिले. त्यांना इतका आनंद झाला की गवंड्याला मिठीच मारली.

पुढे रंगाची पाळी आली आणि मास्तरांनी केकवालाच करू जाणे अशी चूक केली. क्रीममध्ये रंग कालवला की तो ठेवल्या ठेवल्या गडद होत जातो, म्हणून क्रीम आधी फिकंच ठेवायचं, ही त्यांच्या हाताची जन्माची सवय. भिंतीचा रंगही त्यांनी हवा होता त्याहून दोन छटा फिका आणला. रंगाऱ्याने दोनदा विचारलं, नक्की हाच ना? मास्तरांनी डोळे मिचकावून सांगितलं, उद्या बघ कसा चढतो ते.

दुसऱ्या दिवशी भिंत धुवून धुवून विटलेल्या बनियनसारखी दिसत होती. मास्तरांनी दुपारपर्यंत वाट पाहिली. शेवटी रंगारी त्यांच्या शेजारी येऊन उभा राहिला.

"काका," तो हळूच म्हणाला, "हा रंग आहे. क्रीम नाही."

आणि बायको तर उद्याच यायची होती. मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. दुकान बंद ठेवून त्यांनी गडद रंगाचे डबे आणले आणि स्वतःच रोलर हातात घेतला. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला शेवटचा हात मारून झाला. भिंत अजून ओलीच होती, त्यामुळे घराच्या नंबरचा पितळी आकडा काही ठोकता येईना. तो छातीशी धरून मास्तर पोर्चमधल्या पट्ट्यांच्या आड उभे राहिले आणि रंगाऱ्याला दिवे लावायला सांगितलं.

तेवढ्यात रिक्षा आली. आली ती धीम्या चालीने, कारण बायको मान बाहेर काढून एकेक भिंत बघत होती. मास्तर हाक मारणार होते, पण ती आपोआप थांबते का ते त्यांना बघायचं होतं.

"थांबवा जरा," तिचा आवाज आला.

रिक्षा थांबली. भिंतीवर चढलेला उजेड ती पायऱ्यांपासून छज्ज्यापर्यंत बघत राहिली. मग रिक्षावाल्याला म्हणाली, "काय नशीब असेल हो या घरातल्या बाईचं. ही कशाला घर विकायला काढेल?" आणि उसासा टाकून मागे टेकली. "चला पुढे. आमचं ते गंजाच्या ओघळाचं."

रिक्षा रस्त्याच्या टोकाला गेली, वळली आणि परत आली. ओघळ काही सापडला नव्हता. या वेळी फाटकात मास्तर उभे होते. केसांत राखाडी रंग, हातात पितळी आकडा आणि डोळ्यांत पाणी.

ती खाली उतरली. त्यांच्याकडे बघितलं, आकड्याकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं. पिशवी पायरीवर ठेवली आणि पर्समधून फोन काढला.

"ताई, या रविवारी तू आमच्याकडे ये," ती म्हणाली. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं, तशी ती हसली. "खूण कशाला हवी? तू आपोआप थांबशील."