वहिनींची दूरदृष्टी

दिराच्या यंत्रांचा लिलाव आटोपला, तेव्हा वहिनी आवारातल्या गंजक्या पाइपांवर टेकल्या. पाय नुसते भरून आले होते. सकाळपासून जो तो एकच टकळी चालवत होता: तेलाचा भाव चढला तेव्हा सगळ्यांनी कर्ज काढून नव्या तेलविहिरी खोदल्या आणि भाव कोसळल्यावर गाळात गेले, एकट्या वहिनी नवरा गेल्यावर त्याच्या सहा म्हाताऱ्या विहिरी धरून बसल्या, म्हणून तगल्या. केवढी ही दूरदृष्टी!

ऐकून ऐकून त्यांचे कान किटले होते.

दीर शेजारी येऊन बसला. हाताला अजून ग्रीस होतं.

"वहिनी, भाव पडणार हे तुम्हाला माहीत होतं, तर नव्या विहिरींचा तो नकाशा माझ्या गळ्यात का मारलात?"

"डोंबल माहीत होतं!" वहिनी उसळल्या, पण आवाजात जोर उरला नव्हता. "तो नकाशा घेऊन आधी मीच बँकेत गेले होते, भाऊजी. साहेबाने उघडूनसुद्धा पाहिला नाही. म्हणाला, हे बाईमाणसाचं काम नाही, घरातल्या पुरुषाला पाठवा."

त्यांनी पदराने कपाळ पुसलं.

"म्हणून तुम्हाला पाठवलं."