मिश्रीची सुट्टी

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, असं आमचे मेजरसाहेब पलटणीतून पाठवलेल्या पत्रातही लिहितात. असू दे. त्या रागाच्या जोरावरच मी कुंडलला रेडिओचे ट्रान्सफॉर्मर बनवायचा कारखाना उभा केला. उसाच्या कडेला पत्र्याची शेड, आत सगळ्या गावातल्या बायका. तार गुंडाळायची, टोकं सोल्डरिंग करून जोडायची, तपासायची, खोक्यात भरायची. गावातले पुरुष पहिल्या वर्षी 'राजनंदिनीबाईंचं खूळ' म्हणून हसले. पुढं त्यांच्याच बायका कामाला आल्या, तसं हसणं बंद झालं.

साळूबाई सगळ्यांच्या आधी आलेली. सोल्डरिंगच्या टेबलाची मुख्य तीच. नव्या बाईचा जोड हातात घेऊन तिनं नुसतं "ह्यो जोड हाय व्हय?" म्हटलं, की समोरची तो गुमान उकलायला घ्यायची. घरात तिला कुणी एवढं विचारत नव्हतं, म्हणून या टेबलावर तिचा भारी जीव. मलाही ती फार आवडायची, कारण माझ्यासारखीच तिखट.

शहाण्णव साली आमचा माल घेणाऱ्या जर्मनीच्या रेडिओ कंपनीनं नवीन नियम काढले. तोवर ते फक्त माल तपासायचे. आता माल बनवणारी माणसं कशी आहेत, हेही बघणार होते. कामावर लहान मुलं नकोत, शेडमध्ये हवा खेळती हवी, सोल्डरमधलं शिसं कुणाच्या अंगात जायला नको. मला हे मनापासून पटलं. मी धूर बाहेर ओढणारे पंखे आधीच बसवले होते, त्यामुळे ऐटीत होते.

कंपनीच्या पुण्याच्या ऑफिसातून तपासणीला पुष्कर आला. मूळचा साताऱ्याचा, सज्जन मुलगा, पण फाइलीतून मान वर न काढणारा. त्यानं बायकांना विचारलं, "कामावर बसून काही खाता का?"

"न्हाई," सगळ्या एका सुरात म्हणाल्या.

"तंबाखू, विडी?"

"आमी काय बाप्ये हाय का?" साळूबाई म्हणाली, आणि शेडभर हशा पिकला. मग त्यानं सगळ्यांचं रक्त तपासायला मुंबईला पाठवलं.

रिपोर्ट आला आणि माझी ऐट उतरली. सोल्डरिंगच्या टेबलावरच्या बायकांच्या रक्तात शिसं जास्त निघालं, साळूबाईच्या सगळ्यांत जास्त. कित्येक महिने तिचं पोट दुखत होतं, ती ओवा चघळून दिवस काढत होती, आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

पुष्कर म्हणाला, "मॅडम, या बायकांना काढा. नव्या घ्या. नव्यांचा रिपोर्ट स्वच्छ येईल."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "स्वच्छ रिपोर्ट पाहिजे का स्वच्छ रक्त? त्यांना काढलं की शिसं नव्यांच्या पोटात जाणार. मग त्यांनाही काढायचं?"

त्यानं फाइल मिटली. मग म्हणाला, "दिवाळीपर्यंत शिसं कमी करून दाखवा. नाही झालं तर साळूबाईंना तरी काढावंच लागेल. माझ्या हातात नाही."

सांगलीच्या डॉक्टरांच्या सल्ल्यानं मी साळूबाईला सोल्डरिंगवरून उठवून खोकी भरायला बसवलं. ती माझ्याशी बोलेनाशी झाली. मी पंखे उघडून पाहिले, पाणी तपासलं, जेवणाचे डबे बाहेर लिंबाखाली हलवले. जेवणाआधी सगळ्या साबणानं हात धूत होत्या. मग शिसं तोंडात जात होतं कुठून? डोकं पार पिकलं माझं.

श्रावणातला सोमवार होता. सगळ्यांना उपास. त्या दिवशी कुणी डबाच आणला नव्हता, चहासुद्धा कुणाला नको होता. राहीबाईचा जोड नीट बसेना, तशी साळूबाई खोकी टाकून उठली. "सर तिकडं," म्हणत तिनं सोल्डरची तार चिमटीत धरली आणि झटक्यात जोड करून दाखवला. मग कमरेची डबी काढली, त्याच बोटावर चिमूटभर मिश्री घेतली आणि दातांवर फिरवायला लागली. पलीकडं राहीबाईचंही तेच चाललं होतं.

"साळूबाई, आज उपास ना तुम्हाला?"

"हाय की." बोट तोंडातच.

"मग हे काय?"

"आवं वैनी, मिश्रीनं कवा उपास मोडतोय व्हय?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. माझी आई उपासाला मिश्री लावते, सासूबाई लावतात. भाजलेल्या तंबाखूची ती काळी पूड दात घासायची, मनाला तरतरी आणायची. ती काही खाणं नव्हे, आणि तंबाखू खाणं तर नव्हेच. बायका पुष्करशी खोटं बोललेल्याच नव्हत्या. दिवसातून सतरांदा शिशाचं बोट तोंडात जात होतं, आणि मीही ते बघत होते.

मी लगेच फोन करून पुष्करला बोलावलं. साळूबाईचं तोंड एवढंसं झालं. "परक्या पुरुषाम्होरं मिश्रीचं बोलणार तुमी? लाज हाय का न्हाई? आन् वर माझं कामबी जाणार."

"काम जाणार नाही. मी आहे ना."

पुष्करनं सगळं ऐकलं आणि फाइल उघडली. "सोपं आहे. मिश्रीला बंदी."

"बंदी केली की पंख्यामागं जाऊन लावतील, त्याच बोटानं," मी म्हणाले. "मिश्री वाईटच, ती सुटेल तेव्हा सुटेल. आधी शिसं थांबवूया. डब्या शेडबाहेरच्या फळीवर राहतील. तिथंच नळ, साबण, नखं घासायचा ब्रश. चहाच्या सुट्टीसारखी मिश्रीची सुट्टी. हात घासल्याशिवाय डबीला हात लावायचा नाही."

"कंपनीला मी 'मिश्रीची सुट्टी' असं कळवू?" तो जवळजवळ ओरडलाच. मग साळूबाईकडं वळला. "तुम्हीच सांगा. मिश्री सोडणार ना?"

ती 'व्हय' म्हणाली असती तर प्रश्न मिटला असता. तिनं पदर सावरला आणि मान वर केली.

"न्हाई सुटायची, सायेब. तीस वर्सं लावतीया. खोटं बोलून काम नगं मला. पर हात धुतल्याबिगर एक बाई डबीला शिवणार न्हाई, ती मी बघती. शिवली तर मला पयली काढा."

मला तिचा इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले. पुष्करनं पेन काढलं. त्यानं दिवाळीची मुदत कायम ठेवली आणि बाकी सगळं मी म्हटलं तसं लिहून घेतलं.

मग साळूबाईनं जे राज्य केलं, त्याला तोड नाही. खोकी भरता भरता तिची नजर फळीवर. सुट्टी झाली की ती ब्रश घेऊन नळापाशी उभी, प्रत्येकीची नखं उलटसुलट बघणार. कामाला येणाऱ्या माझ्या नणंदेलासुद्धा तिनं नळावरून दोनदा परत पाठवलं. तिच्या पोटातली कळही हळूहळू कमी झाली.

दिवाळीच्या तोंडावर पुन्हा रक्त गेलं. या वेळी पुष्कर स्वतः रिपोर्ट घेऊन आला, आणि साताऱ्याहून कंदी पेढ्यांचा मोठा पुडा. शिसं सगळ्यांचंच उतरलं होतं. साळूबाईचं अजून थोडं उतरायला हवं होतं, पण तिला काढायचा विषय संपला होता. "संक्रांतीनंतर तुमचं टेबल तुम्हाला परत," मी म्हणाले. तिनं नुसतं नाक ओढलं.

शेडमध्ये एकच गलका झाला. पुष्करही खुशीत होता. टेबलावरची सोल्डरची तार बोटाभोवती गुंडाळत तो बायकांचे जोड बघत फिरला आणि मग पुडा सोडून त्यानं पहिला पेढा स्वतःच उचलला.

तो तोंडापर्यंत गेला नाही. परक्या पुरुषापुढं मिश्रीचं नाव काढायला लाजणाऱ्या साळूबाईनं त्याचं मनगट गच्च धरलं होतं.

"सायेब, आदी हात."

पुष्करनं आपल्या बोटांकडं पाहिलं. पेढा माझ्या हातात दिला आणि निमूटपणे नळाकडं चालायला लागला. साळूबाई ब्रश घेऊन त्याच्या मागोमाग गेली.