मालकांचा खटका

मालकांच्या कारखान्यात एक रीत होती आणि ती मोडायची कुणाची छाती नव्हती. मोडक्या हाडावर बसवायची पोलादी पट्टी मालक हातात घेत, स्क्रूशेजारचा खटका फिरवत आणि विचारत, "वाजला का?" सगळे एका सुरात म्हणत, "वाजला." उमेदीची वर्षं यंत्रांच्या खडखडाटात गेल्यामुळे मालकांना स्वतःला ते बारीक 'टक्' ऐकूच येत नसे. पण हे बोलणार कोण? मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची, त्यातून मांजर मालक असलं की विचारूच नका.

खटका त्यांनी स्वतःच्या डोक्यातून काढला होता. अंग हलतं तसे पट्टीचे स्क्रू हळूहळू ढिले होतात, म्हणून ते पट्टीतच जखडावे लागतात. बाकीचे लोक त्यासाठी स्क्रूच्या डोक्याला आणि भोकाला आटे पाडतात. मालकांनी प्रत्येक भोकाशेजारी मुगाच्या डाळीएवढी चकती बसवली; तोच हा खटका. स्क्रू आवळून चकती फिरवली की तिची कड स्क्रूच्या डोक्यावरच्या खाचेत शिरे, आणि स्क्रू जागचा हलत नसे. कल्पना झकास होती, हे त्यांची मुलगीही मान्य करायची.

मुलगी तपासणीचं काम बघायची. तिला कारखान्यात 'नन्नाबाई' म्हणत, कारण मालकांनी हो म्हटल्यावरही नाही म्हणणारी तिथे ती एकटीच. पट्टी सरळ असते, हाड नसतं. म्हणून ऑपरेशनच्या वेळी डॉक्टर पट्टी हाडाच्या आकाराला वाकवून घेतात. नन्नाबाईने तशीच एक पट्टी वाकवून बघितली, तर चकती केसभर वर उचलली गेली होती. टक् वाजलं, पण कड खाचेत न शिरता वरूनच घसरली. आणि इतकी वर्षं सगळी तपासणी सरळ पट्ट्यांवर झालेली.

हे ऐकून मालकांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"हा घरचा आहेर," ते म्हणाले. "डॉक्टरांना सांगू, वाकवू नका म्हणून."

"मग हाडांनाही सांगा, सरळ व्हा म्हणून."

फोरमन मान खाली घालून आधीच स्वच्छ असलेला पेचकस पुसत राहिला.

एवढ्यात मालकांची बहीण, म्हणजे नन्नाबाईची आत्या, जिन्यावरून पडली. मोडलं ते नेमकं गळ्यापासून खांद्यापर्यंतचं हाड, आणि त्या हाडात सरळ असं काही नसतंच. दवाखान्यात तिने जाहीर केलं, "बसवायची तर माझ्या दादाचीच पट्टी." मालक फुलून गेले. इतकी वर्षं खटपट करून तयार झालेल्या खटक्याच्या पट्ट्यांचा कारखान्याबाहेर जाणारा पहिला डबा दुसऱ्या दिवशी बहिणीसाठीच निघणार होता. नन्नाबाईने तो कपाटात टाकून कुलूप लावलं आणि डॉक्टरांना फोन करून दुसऱ्या कंपनीची आट्यांची पट्टी मागवायला सांगितली.

"चावी दे," मालक म्हणाले.

"नाही देणार, बाबा."

"दुसऱ्याची पट्टी माझ्या बहिणीच्या अंगात?"

"हो."

"कारखाना माझा आहे."

"आणि आत्या माझीसुद्धा आहे."

लहानपणी याच टेबलाशी स्टुलावर उभी राहून नन्नाबाई सगळ्यांत आधी "वाजला" ओरडायची आणि बाबा तिला उचलून घ्यायचे. आज एवढ्या माणसांसमोर त्यांना नाही म्हणताना तिला रडू येत होतं, आणि त्या रडण्याचाही रागच येत होता. चावी तिने मुठीत घट्ट धरली.

मालकांनी बहिणीला बोलावून घेतलं. आत्या गळ्यात अडकवलेला हात सांभाळत आली आणि खुर्चीत टेकायच्या आधीच कडाडली, "बापाचं नाक कापतेस होय गं?"

हाताच्या काकणाला आरसा कशाला? नन्नाबाईने टेबलावरची एक पट्टी शिकंज्यात धरून वाकवली, भोकात स्क्रू बसवला आणि खटका फिरवला. टक्.

"वाजला," सगळे सवयीने म्हणाले.

"आत्या, ही उलटी धर आणि हलव."

आत्याने चांगल्या हाताने पट्टी हलवली. काही झालं नाही. मालकांचा चेहरा सैलावला. आत्याने पुन्हा हलवली, आणि स्क्रू तिच्या मांडीवर पडला.

तिने तो उचलून निरखला. "दादा, हा मांडीवर पडला म्हणून सापडला. आत पडला असता तर मला पुन्हा उसवावं लागलं असतं. उद्या त्या दुसऱ्यांचीच बसवू दे. तुझी नीट झाली की मी हा चांगला खांदाही मोडून घेईन."

कुणालाच हसू आलं नाही. "एखादी पट्टी वाईट निघते," म्हणत मालकांनी दुसरी घेतली, स्वतः वाकवली, खटका फिरवला. "वाजला का?"

सगळे मूग गिळून नन्नाबाईकडे बघत राहिले.

"वाजला," ती म्हणाली. "बसला नाही."

मालकांनी चकतीखाली नख घातलं. चकती अलगद उचलली गेली. मग त्यांनी तिसरी पट्टी घेतली, थोडी कमी वाकवली आणि खटका फिरवला. या वेळी त्यांनी कारखान्याला काही विचारलं नाही. पट्टी मुलीसमोर धरली.

"बसला का?"

तिला हो म्हणावंसं वाटलं, फार वाटलं.

"नाही," ती म्हणाली.

त्यांनी चौथी पट्टी उचलली.