तेलाच्या जाहिरातीतली शांतता

त्या घरात टीव्हीवर जाहिरात लागली रे लागली की सगळे उठायचे. आई स्वयंपाकघराकडे, आप्पा बाथरूमकडे, दादा फोन कानाला लावून गॅलरीत. टीव्हीसमोर उरायची एकटी धाकटी, मांडी ठोकून. जाहिराती संपून मालिका सुरू झाली की मग ही उठणार. "उलट्या खोपडीची कार्टी आहे," आप्पा म्हणायचे.

ही कार्टी पुढे जाहिरातीच करायला लागली, आणि चांगल्या करायला लागली. पण घरातली कवायत काही बदलली नाही. "मघाशी तुझी एक लागली होती वाटतं," आई सांगायची, "पण दूध उतू जात होतं गं." घ्या! पोटच्या पोरीपेक्षा दूध मोठं.

धाकटी रडणाऱ्यातली नव्हती, भांडणाऱ्यातली होती. "आप्पा, तीन तास घेऊन गोष्ट कोणीही सांगेल. अर्ध्या मिनिटात सांगून दाखवा!"

"अर्ध्या मिनिटात गोष्ट होत नाही," आप्पा म्हणायचे. "शिंक होते."

आणि मग ती तेलाची जाहिरात आली. दाराच्या बिजागरीत घालायचं तेल. एवढ्याशा बाटलीत काय गोष्ट असणार, असं कोणालाही वाटेल. पण धाकटीने त्यात अख्खा संसार बसवला. एक तरुण बाप कामावरून घरी येतो. बाळ नुकतंच झोपलंय. तो खोलीचं दार उघडतो, दार कर्रर्र करतं, बाळ भोकाड पसरतं आणि बायको डोळे वटारते. दुसऱ्या दिवशी तो दार हळूऽऽ उघडतो, तर ते मेलं आणखी लांबण लावून करकरतं. तिसऱ्या दिवशी बिचारा खिडकीतून चढायला जातो आणि अडकतो. मग बिजागरीत दोन थेंब तेल. दार उघडतं. आवाज नाही. गाणं नाही, बोलणं नाही. बाप चवड्यांवर पाळण्यापाशी जातो, वाकतो आणि बघतच राहतो. शेवटी बाटली. संपलं.

ती शांतता करायला धाकटी आणि तिचा संकलक, ज्याला सगळे कात्री म्हणत, दोघं कितीतरी दिवस डोकं लावून बसले होते. कात्रीचं म्हणणं, नुसता आवाज काढून टाकला तर लोकांना वाटेल टीव्ही बिघडला. म्हणून त्याने बापाच्या सदऱ्याची सळसळ ठेवली, बाळाचा श्वास ठेवला आणि बाकी सगळं पुसलं. ऐकताना धाकटीच्या अंगावर काटा आला होता.

कंपनीच्या साहेबांना फिल्म आवडली. आवडली म्हणजे काय, हसले, मान डोलावली आणि म्हणाले, "छान! फक्त ती मधली रिकामी जागा भरा. आपल्या तेलाचं गाणं टाका तिथे."

"ती रिकामी नाही, साहेब. तुमचं तेल तिथेच तर आहे!"

"मॅडम, लोक जाहिरातीला जागेवर बसत नाहीत. नाव आतल्या खोलीत ऐकू गेलं पाहिजे."

आता ह्यावर काय बोलणार? तिचं स्वतःचं अख्खं घर साहेबांच्या बाजूने साक्ष द्यायला तयार होतं. पण गप्प बसेल तर ती धाकटी कसली!

"रविवारी आमच्या फिल्म क्लबात या," ती म्हणाली. "ह्या वेळी फक्त जाहिराती दाखवणार आहोत, छोट्या फिल्म म्हणून. आपली शेवटची. त्या शांततेत लोकांनी चुळबुळ केली, तर गाणं मी स्वतः घालते."

"चालेल," साहेब म्हणाले.

बाहेर आल्यावर कात्रीने कपाळाला हात लावला. "ताई, स्वतःच्या हाताने पायावर धोंडा पाडून घेतलास की गं!"

रविवारी दुपारी क्लबाचा छोटा हॉल भरला. साहेब कडेच्या खुर्चीवर बसले. पुढच्या रांगेत धाकटीने हट्टाने आणलेली घरची मंडळी. दिवे मालवले, पहिली जाहिरात सुरू झाली आणि काय सांगू, आई, आप्पा आणि दादा तिघंही ताडकन उठून उभे राहिले! इतक्या वर्षांची सवय. आप्पा तर दोन खुर्च्या ओलांडून निघालेसुद्धा.

"ओ काका, बसा की!" मागून कोणीतरी ओरडलं. हॉल खो खो हसला. धाकटीला वाटलं, आत्ताच्या आत्ता धरणीने पोटात घ्यावं.

तिघं ओशाळून बसले. आणि बसल्यावर करणार काय, बघायला लागले. एका जाहिरातीत नुसते पाय दिसत होते, चेहरा एकही नाही, तरी कोण कोणावर रुसलंय ते कळत होतं. आई पदराने डोळे टिपायला लागली. एका सायकलच्या जाहिरातीला आप्पा मोठ्याने हसले आणि मग कोणी पाहिलं नाही ना, म्हणून इकडेतिकडे बघितलं. धाकटीचा जीव थोडा भांड्यात पडला.

इतक्यात साहेबांचा फोन थरथरला आणि ते वाकून बाहेर निघून गेले. ज्याच्यासाठी एवढा घाट घातला तोच गायब! कात्री तिच्या कानात म्हणाला, "थांबवू का?" पण तेवढ्यात पडद्यावर बाप दाराशी येऊन उभा राहिला होता.

लोक हसले. खिडकीत अडकला तेव्हा तर टाळ्या पडल्या. मग तेलाचे दोन थेंब, आणि दार उघडलं. हॉल असा चिडीचूप झाला की धाकटीला स्वतःचा श्वास ऐकू यायला लागला. बाप एकेक पाऊल टाकत पाळण्याकडे निघाला.

कर्रर्र!

पडद्यावर नव्हे, हॉलचं दार! साहेब परत आत येत होते.

सगळा हॉल एकदम मागे वळला. "शूऽऽऽ!" आणि सगळ्यांच्या वर आप्पांचा आवाज: "अहो, हळू! उठेल ना ते!"

साहेब जागच्या जागी थिजले. एक पाय आत, एक बाहेर, हात दारावर, फोन छातीशी. पुढे ढकलावं तर दार वाजणार, सोडावं तरी वाजणार. तसेच उभे राहून ते पडद्याकडे बघत राहिले. बाप वाकला. बाळाने ओठ हलवले आणि ते पुन्हा गाढ झोपलं. मग बाटली आली, आणि हॉलने टाळ्यांचा नुसता कडकडाट केला.

"साहेब, आधी ह्या दाराला तेल घाला!" कोणीतरी ओरडलं. स्वतः साहेबच सगळ्यात जास्त हसले. घाम पुसत धाकटीपाशी आले.

"मॅडम, मी श्वास रोखून उभा होतो. माझ्याच तेलाच्या जाहिरातीला!"

"मग? गाणं घालायचं?"

"हात लावायचा नाही तिला! आहे तशीच टीव्हीवर जाईल."

कात्रीने तोंडात बोटं घालून अशी शिट्टी मारली की बस्स. धाकटीला हसू आणि रडू एकदमच आलं. जिंकली होती ती, चक्क जिंकली होती! पण आप्पांना कशाचंच भान नव्हतं. ते आजूबाजूच्यांना सांगत सुटले होते, "माझी मुलगी! ही माझ्या मुलीची फिल्म! पूर्ण गोष्ट आहे हो, पूर्ण!" आणि मग वळून थेट प्रोजेक्टरवरच्या माणसाला, "परत लावा!"

"परत! परत!" हॉलने उचलून धरलं.

दिवे पुन्हा मालवले. साहेब जी रिकामी दिसली त्या खुर्चीत, आप्पांच्या शेजारी, बसले. धाकटीने ह्या वेळी पडद्याकडे पाहिलंच नाही, ती आप्पांकडे बघत होती. बाप खिडकीत अडकला, तेलाचे थेंब पडले, दार उघडलं. आणि आप्पांनी पडद्यावरची नजर न काढता शेजारच्या साहेबांचा हात घट्ट दाबून धरला, हा माणूस परत हलू नये म्हणून.