विहिरीवरचा होकार

तीस वर्षं मी लोकांना या जुन्या गल्ल्यांतून पायी फिरवलं. गेलं वर्षभर भाचा सोबत यायचा, माझं बोलणं फोनमध्ये भरून घ्यायचा. "आठवण म्हणून, मामा!" मी भाबडा, गहिवरायचो.

आज विहिरीच्या पायरीवर बसून एक बाई फोन ऐकत एकटीच हसत होती.

"काय ऐकताय, ताई?"

"आता वाट दाखवायला माणूस लागत नाही, काका. फोनच सगळं सांगतो. ऐका!"

भाच्याचा आवाज होता. "याच पायरीवर माझ्या बायकोनं मला होकार दिला."

"मेल्या, तुझं लग्न तरी झालंय का?" मी ओरडलो. तो होकार माझ्या हिचा होता. ती देवाघरी गेल्यावर तेवढाच उरला होता.

बाई बिचकून उठली.

"जपून, ताई," मी म्हणालो. "ती पायरी निसरडी आहे. हे त्यानं सांगितलं नसेल."