घरातलं एक मत

शेषेरावानं बांधलेल्या पुलात सिमेंट कमी, वाळूच जास्त. दोन वर्षांमागं पहिल्याच पुरात पूल बसला अन् चतुराबाईची अठरा वर्षांची लेक सुकन्या वाहून गेली. निलाजरेपणा बघा, यंदा तोच शेषेराव निवडणुकीला उभा!

त्याची माणसं लुगडी अन् ताटात बेलभंडारा घेऊन घरोघर फिरली. भंडारा उचलून मताची आण घ्यायची. मोडली तर घरातलं माणूस जातं, ही गावाची पक्की समजूत. चतुराबाईनं लुगड्याला हात लावला नाही, पण माणसं उंबऱ्यावरून हलेनात. तिचा पोरगा सुदर्शन त्यांच्या विरोधात फिरायचा, त्याचं मत मिळणार नव्हतंच. म्हणून त्यांनी घरातलं एक तरी मागितलं, न्हाईतर पोराचं बरंवाईट करू म्हणाले. पोराच्या जिवाला भिऊन तिनं भंडारा उचलला.

"ह्या घरातलं एक मत शेषेरावाला पडंल. न्हाई पडलं तर माझा सुदर्शन जाईल."

तेव्हापासून तळहाताचा पिवळा डाग जाईना. राखेनं घासला, चिंचेनं घासला, काही उपयोग नाही.

मतदानाच्या दिवशी ती शाळेत गेली. लेक मारणाऱ्याला मत द्यायचं, नाहीतर लेकाला मुकायचं. बाहेरगावच्या कारकुनानं यादीत तिचं नाव शोधलं. खालच्याच ओळीत सुकन्याचं नाव होतं, अन् त्यावर खूण.

"हिचं मत झालं?"

"सकाळी सगळ्यात आधी," कारकून वहीकडं बघत म्हणाला. "निळा ड्रेस, वेणी ओलीचिंब. अंगठा दिला, ते पान अजून वाळलं नाही बघा."

मेलेल्यांची मतं शेषेरावाची माणसं टाकतात, हे गावाला ठाऊक होतं. पण भर मे महिन्यात, ओढा कोरडाठाक असताना, ओली वेणी? अन् निळा ड्रेस तर सुकन्याच्या अंगावर त्या शेवटच्या दिवशी होता.

बोटाला शाई लावायला तिनं हात पुढं केला. तळहात स्वच्छ होता. पिवळेपणाचा मागमूस नाही.

घरातलं एक मत पडलं होतं. आण फिटली होती.

आत जाऊन तिनं शेषेरावाच्या विरुद्ध बटण दाबलं. बाहेर लिंबाखाली सुदर्शन धडधाकट उभा होता. त्याला बघून ती मटकन खाली बसली अन् धाय मोकलून रडली. आईला द्यावं लागू नये म्हणून पोरीनं आपल्याला मारणाऱ्याला मत दिलं होतं.